पाकवलेली फळे : सुटीचा घरगुती खाऊ

चिपळूणहून कराडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी पोफळी गाव लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे या गावाचे नाव महाराष्ट्रात सर्वदूर पोहोचले. सह्याद्रीच्या पोटातून आणलेले पाणी येथे वीज निर्माण करते आणि पुढे वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरते. परंतु पोफळीची ओळख एवढीच नाही. गावाच्या नावातच पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड आहे. घरांच्या परसात पपई, उतारावर काजू, जाळीत करवंद आणि रानाच्या कडेला आवळा, असे या परिसराचे फळवैभव आहे.

या वैभवाची एक उणीव मात्र प्रत्येक घराला ठाऊक आहे. फळ येते तेव्हा एकदम येते आणि पंधरा दिवसांत संपते. खाऊन उरलेले झाडाखाली कुजते. उन्हाळ्यात काजूची बी काढून घेतल्यावर लालपिवळी बोंडे ढिगाने फेकली जातात. कच्च्या पपया वाऱ्याने पडतात आणि गुरांपुढे जातात. पुढे दिवाळी येते, गणपतीला मुंबईकर चाकरमानी येतात, नाताळाची आणि मे महिन्याची सुटी लागते, तेव्हा याच घरांतील मुलांसाठी बाजारातून रंगीत गोळ्यांची पाकिटे आणली जातात. आपल्या अंगणातले फळ मातीमोल होते आणि त्याच फळाचा शहरातून आलेला तुकडा आपण पैसे मोजून घेतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

कारण पावावर आणि केकवर दिसणारी ती लाल-हिरवी ‘टूटीफ्रूटी’ म्हणजे बहुधा साखरेत पाकवलेली कच्ची पपईच असते. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘सर्व फळे’ असा आहे. आपल्या बाजारातील तुकड्यात मात्र फळ एकच आणि तेही आपल्या परसातले. केकच्या माथ्यावर बसवलेली लाल ‘चेरी’ सुद्धा अनेकदा रंगवून पाकवलेले करवंद असते. ही फळे घरच्या घरी, स्वच्छतेने व अल्प साधनांत कशी पाकवावीत आणि कोकणच्या दमट हवेत ती कशी टिकवावीत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

खंडापासून कँडीपर्यंत

फळ साखरेत मुरवून टिकविण्याची कला आपल्याला परकी नाही. मोरावळा, आग्र्याचा प्रसिद्ध पेठा आणि आपल्याकडील कोहळेपाक ही तिचीच रूपे होत. ‘कँडी’ हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला खरा. पण त्याचे मूळ संस्कृत ‘खंड’ या शब्दात आहे. तो फारसी व अरबी भाषांतून प्रवास करीत युरोपात गेला. फ्रान्समध्ये नाताळच्या सुमारास साखरेत पाकवलेले चेस्टनट आवडीने खाल्ले जातात. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतही नाताळच्या केकसाठी पाकवलेली फळे व संत्र्याच्या साली लागतात. सण निरनिराळे असले तरी हंगामातले फळ सुटीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याची युक्ती एकच आहे.

साखर फळ कसे टिकवते ?

या युक्तीमागील शास्त्र कोकणातील गृहिणीला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. तिने ते अमृतकोकम करताना पाहिलेले असते. पिकलेल्या रातांब्याच्या सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की काही दिवसांत साखर विरघळते आणि बरणीत लालभडक रस उभा राहतो. बाहेर साखर जास्त आणि आत पाणी जास्त, अशा स्थितीत फळातील पाणी बाहेर येते. या क्रियेला शास्त्रात परासरण म्हणतात. त्याच वेळी साखर हळूहळू सालीत शिरते. म्हणूनच रस काढून घेतल्यावर उरलेली साल गोड लागते.

फळ पाकवताना आपणांस रस नको असतो, साल हवी असते. म्हणजे पाणी बाहेर यावे आणि त्याची जागा साखरेने घ्यावी, हा हेतू असतो. बुरशी, यीस्ट व जिवाणू यांना वाढण्यासाठी पाणी लागते. फोडीतील साखरेचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले की उरलेले पाणी साखरेने बांधून ठेवलेले असते आणि ते बहुतेक जंतूंना वापरता येत नाही. फळ टिकते ते या कारणामुळे.

येथे एक नियम ध्यानात ठेवला पाहिजे. पाणी फळातून चटकन बाहेर पडते; साखरेला आत शिरण्यास मात्र वेळ लागतो. फोडी एकदम घट्ट पाकात टाकल्या तर पाणी झपाट्याने निघून जाते, साखर मागे राहते आणि फोड आक्रसून चिवट होते. प्रस्तुत लेखकाच्या घरी पहिल्या वर्षी नेमके हेच घडले. दिवाळी चार दिवसांवर आली होती, म्हणून पपईच्या फोडी थेट एकतारी पाकात शिजवल्या. ताटात आले ते सुरकुतलेले, दाताला न तुटणारे तुकडे. वरून गोड आणि आतून कोरडे, असे ते काम झाले. दीड किलो साखर आणि दोन संध्याकाळ वाया गेल्या. चूक साहित्याची नव्हती, घाईची होती.

पुढे पोफळीतील एका घरी आवळ्याचे काम पाहण्याचा योग आला. तेथील वृद्ध आजींना टक्केवारी ठाऊक नव्हती, पण खूण ठाऊक होती. त्या म्हणाल्या, “साहेब, फोड तरंगते आहे तोवर तिला हात लावू नये. बुडाली की समजावं, पोट भरलं तिचं.” हे बोलणे शास्त्राला धरून आहे. आरंभी फोड पाकापेक्षा हलकी असते म्हणून वर राहते. साखर भरली की जड होऊन तळाशी बसते. ज्या घरी साखरमापक यंत्र नाही, त्या घरासाठी ही खूण पुरेशी आहे.

साधने व पूर्वतयारी

या कामास स्टेनलेस स्टीलचे जाड बुडाचे पातेले, चाळणी, वजनकाटा, लाकडी किंवा स्टीलचा डाव आणि झाकणाची काचेची बरणी एवढी साधने पुरेत. कल्हई नसलेले तांबे-पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम यांची भांडी वापरू नयेत. आंबट फळांचा या धातूंशी संयोग होऊन रंग व चव बिघडते आणि धातूचा अंश खाण्यात येतो.

फळ पूर्ण वाढलेले परंतु घट्ट असावे. पिकून मऊ झालेले फळ पाकात विरघळते. डागाळलेला भाग निर्दयपणे काढून टाकावा. एक कुजकी फोड सगळी बरणी नासवते.

कच्च्या पपईची कृती

नवशिक्याने आरंभ पपईपासून करावा. हे फळ जवळजवळ वर्षभर मिळते, स्वस्त असते आणि त्याला स्वतःची उग्र चव नसल्याने हवा तो स्वाद देता येतो. पुढील प्रमाण सोललेल्या व कापलेल्या एक किलो फोडींचे आहे. त्यास एकूण एक किलो साखर लागते.

पपईला उभ्या चिरा देऊन चीक निथळू द्यावा. साल व बिया काढून एक सेंटिमीटरच्या चौकोनी फोडी कराव्यात. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा चुना कालवून ठेवावा. चुना तळाशी बसला की वरची निवळी अलगद ओतून घ्यावी व तीत फोडी दीड ते दोन तास बुडवून ठेवाव्यात. चुन्यातील कॅल्शियम फळातील पेक्टिनशी जोडले जाते आणि फोड शिजूनही कडक राहते. भिंतीला लावण्याचा चुना कदापि वापरू नये. निवळीतून काढलेल्या फोडी चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवाव्यात, म्हणजे चुन्याची चव राहत नाही.

यानंतर फोडी उकळत्या पाण्यात चार ते पाच मिनिटे टाकून निथळाव्यात. कच्च्या फोडीत साखर सहजी शिरत नाही. उकळीने तिची वाट मोकळी होते. मात्र फोड मोडेपर्यंत शिजवू नये.

पहिला दिवस : अर्धा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवून उकळी आणावी. त्यात फोडी घालून पाच मिनिटे उकळावे व झाकून ठेवावे. हा पाक पातळच असतो आणि तो तसाच असला पाहिजे.

दुसरा ते पाचवा दिवस : रोज एकाच वेळी फोडी चाळणीवर निथळाव्यात. खाली आलेल्या पाकात १५० ग्रॅम साखर घालून पाक मंद आचेवर साधारण एक लहान वाटीभर आटेल इतका उकळावा, आणि गरम पाक पुन्हा फोडींवर ओतावा. चार दिवसांत मिळून ६०० ग्रॅम साखर पडते. रोज उकळल्याने दोन गोष्टी साधतात. पाक पायरीपायरीने घट्ट होतो, आणि त्यात वाढू पाहणारे यीस्ट नष्ट होते. पातळ पाकाचा एकही दिवस चुकवू नये. उन्हाळ्याच्या दिवसांत चोवीस तासांनंतर तो आंबू लागण्याचा धोका असतो.

पाचव्या दिवशी पाकात अर्ध्या लिंबाचा रस गाळून घालावा. लिंबाच्या आम्लामुळे उकळताना साखरेचा काही अंश ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये बदलतो आणि पुढे फोडींवर साखरेचे खडे जमत नाहीत. हा रस अधिक घालू नये. ही बदललेली साखर हवेतील ओलावा ओढून घेते; तिचे प्रमाण वाढले की फोडी कायमच्या चिकट राहतात.

सहावा व सातवा दिवस : नवी साखर न घालता केवळ पाक उकळून एकतारी करावा व फोडींवर ओतावा. घरात स्वयंपाकाचा तापमापक असल्यास पाक १०६ ते १०७ अंश सेल्सिअसला पोहोचला म्हणजे इष्ट घट्टपणा आला असे समजावे. यानंतर फोडी दोन-तीन दिवस पाकात मुरू द्याव्यात. त्या काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात व तळाशी बसतात. एक फोड मधोमध कापून पाहावी. आत पांढरट गाभा दिसला तर पाक आणखी एकदा उकळून घालावा.

फोडी निथळून, कोमट पाण्यात क्षणभर बुडवून काढाव्यात, म्हणजे अंगावरचा चिकट थर धुऊन जातो. मग त्या वाळवाव्यात. वेलदोड्याचा स्वाद द्यावयाचा असल्यास शेवटच्या उकळीत द्यावा. रंगाची मुळात गरज नाही. मुलांच्या हौसेसाठी लाल रंग हवाच असेल तर शेवटच्या पाकात थोडे अमृतकोकम घालावे. बाजारातील कापडाचे किंवा अनोळखी पुडीतील रंग खाद्यपदार्थात घालणे आरोग्यास घातक आणि कायद्याने निषिद्ध आहे.

कोहळ्याचा पेठा करताना हीच पद्धत वापरावी; मात्र फोडी मोठ्या ठेवून त्यांना काट्याने सर्व बाजूंनी टोचावे आणि चुन्याच्या निवळीत तीन तास ठेवावे.

आवळा : थोड्या श्रमाचे काम

कार्तिकात तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंच व आवळा लागतो, तेथून आवळ्याचा हंगाम सुरू होतो व जानेवारीपर्यंत चालतो. त्यामुळे नाताळच्या सुटीसाठी व संक्रांतीच्या वाणासाठी हे फळ सोयीचे आहे. हवाही या काळात कोरडी असते.

एक किलो आवळे धुऊन आठ ते दहा मिनिटे वाफवावेत. थंड झाल्यावर हाताने दाबले की पाकळ्या आपोआप सुटतात. बी काढून टाकावे. पाकळ्या व ७५० ग्रॅम साखर यांचे बरणीत थरावर थर द्यावेत. दुसऱ्या दिवशी साखर विरघळून पाकळ्या तरंगू लागतात. दिवसातून दोन वेळा कोरड्या डावाने हलवावे. दोन ते तीन दिवसांत पाकळ्या तळाशी बसल्या की निथळून लगेच वाळवाव्यात.

आवळ्यात नैसर्गिक आम्ल पुरेसे असल्याने लिंबू लागत नाही. पपईसारखी पायरीपायरीची मेहनतही लागत नाही, कारण सुट्या पाकळ्या पातळ असतात व साखर थोड्या अंतरात आत पोहोचते. तथापि येथे सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. या पद्धतीत सुटलेला रस पातळ असतो. पाकळ्या त्यात आठवडाभर ठेवल्यास त्या आंबतील. हा रस उकळून बाटलीत भरावा, थंड जागी ठेवावा व सरबतासाठी लवकर वापरावा. वाफवताना व मुरताना आवळ्यातील क जीवनसत्त्वाचा काही भाग कमी होतो आणि काही भाग या रसात उतरतो, म्हणूनही तो फेकून देणे योग्य नव्हे.

काजूची बोंडे व करवंदे

काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आपल्या किनाऱ्यावर आणले. गोव्यात बोंडाच्या रसापासून फेणी काढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र बीला भाव आणि बोंडाला उकिरडा, अशीच स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोकणच्या डोंगरउतारांवर आंबा व काजूचे क्षेत्र वाढले. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला’ मालिकेतील काजूच्या उत्कृष्ट जाती दिल्या. झाडे वाढली तशी बोंडेही वाढली. त्यांचा उपयोग करण्याचे काम आता घराघराने उचलावयाचे आहे.

बोंड खाताना घसा धरतो तो त्यातील टॅनिनमुळे. घट्ट, न फुटलेली बोंडे झाडावरून काढून, लिटरला २० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तीन दिवस ठेवावीत व पाणी रोज बदलावे. नंतर ती टोचून, दहा-पंधरा मिनिटे वाफवून, धुऊन घ्यावीत. तुरटपणा पुष्कळसा कमी होतो. यापुढील कृती पपईप्रमाणे, पातळ पाकापासून एकतारीपर्यंत, करावी. बोंड फार लवकर नासते. सकाळी काढलेले त्याच दिवशी मिठाच्या पाण्यात गेले पाहिजे. मे महिन्याच्या सुटीत येणाऱ्या मुलांना बोंडे वेचण्याचे व टोचण्याचे काम सहज देता येते.

करवंदे पूर्ण वाढलेली पण पिकून काळी न झालेली घ्यावीत. चीर देऊन बी काढावे, मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवून चीक घालवावा, दोन-तीन मिनिटे उकळून धुवावे आणि पपईच्याच क्रमाने पाकवावे.

वाळवण : कोकणचा खरा प्रश्न

पाककृतीच्या बहुतेक पुस्तकांत ‘दोन दिवस उन्हात वाळवावे’ एवढेच वाक्य असते. देशावर ते पुरेसे आहे, कोकणात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पोफळीसारख्या गावात तर ढग डोंगराला टेकलेलेच असतात. अशा हवेत साखर भरलेली फोड वाळण्याऐवजी हवेतलेच पाणी ओढून घेते. वर द्रव साचतो, त्या पातळ थरात साखरेचे प्रमाण घटते आणि बुरशीला जागा मिळते. दहा दिवसांची मेहनत अशी एका आठवड्यात नासते.

यावर उपाय सोपा आहे. हवा दमट असेल तेव्हा फोडी वाळवूच नयेत. त्या एकतारी पाकात पूर्ण बुडालेल्या स्थितीत, उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या कोरड्या बरणीत ठेवाव्यात. घट्ट पाक हेच त्यांचे पावसाळी घर होय. गणपतीला पाहुणे आले की हव्या तेवढ्या फोडी निथळून वाढाव्यात. खिरीत, शिऱ्यात किंवा नुसत्या द्याव्यात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात उरलेल्या फोडी वाळवल्या की त्याच दिवाळीच्या फराळात येतात.

कोरड्या दिवसांतही काही पथ्ये पाळावीत. फोडी स्टीलच्या जाळीवर किंवा स्वच्छ ताटात सुट्या पसरून वर मलमलीचे कापड बांधावे, म्हणजे माश्या, मुंग्या व धूळ लागत नाही. सकाळी नऊनंतर बाहेर ठेवून, दुपार कलताच, दव पडण्यापूर्वी, आत आणाव्यात. विजेवरील किंवा सौर वाळवणी यंत्र उपलब्ध असल्यास ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान राखावे. त्याहून अधिक उष्णतेने वरची साल कडक होते व आत ओल राहते. बोटांना चिकटत नाही, पण दाबल्यास लवते, अशी फोड नीट वाळली असे समजावे.

नंतर फोडी पिठीसाखरेत घोळवून कोरड्या बरणीत भराव्यात व बरणीवर तारीख लिहावी. मोठ्या बरणीपेक्षा लहान बरण्या अनेक बऱ्या. एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. ओला हात किंवा ओला चमचा आत जाऊ देऊ नये.

दोष आणि त्यांची कारणे

फोडी आक्रसल्या तर पाक लवकर घट्ट झाला असे समजावे. फोडी विरघळल्या तर फळ जास्त पिकलेले होते किंवा चुन्याची निवळी कमी पडली. साखरेचे खडे जमले तर लिंबाचा रस राहून गेला. फोडी चिकटच राहिल्या तर तो जास्त झाला किंवा वाळवण अपुरे झाले. पाकावर फेस येऊन आंबूस वास येऊ लागला तर यीस्टची वाढ झाली आहे. असा पदार्थ मुलांना देऊ नये. बुरशी दिसल्यास वरचा भाग काढून उरलेला खाण्याचा मोह टाळावा. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसत नाहीत अशा ठिकाणीही पोहोचलेले असतात. सगळी बरणी टाकून द्यावी.

पाकवलेले फळ हा शेवटी गोड खाऊ आहे, औषध नव्हे. आवळ्याचे असले तरी त्यात मोठा भाग साखरेचाच असतो. मधुमेही व्यक्तींनी ते टाळावे, आणि मुलांनाही दोन-चार फोडी देऊन चूळ भरावयास सांगावे. ताज्या फळाची जागा कोणतीही कँडी घेऊ शकत नाही.

घरापासून बाजारापर्यंत

एका हंगामात दोन-तीन बरण्या उत्तम जमल्या की विक्रीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु विक्रीसाठी पदार्थ करताना जबाबदारी वाढते. पूर्वी फळप्रक्रियेस १९५५ चा फळ उत्पादने आदेश लागू होता. आता अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे आणि लहान घरगुती उत्पादकालाही त्याखाली नोंदणी करावी लागते. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, तयार केल्याची तारीख, वापराची मुदत आणि नोंदणी क्रमांक छापावा लागतो. ग्रामीण भागातील बचत गटांना राज्याच्या ‘उमेद’ अभियानातून संघटनेचा व प्रशिक्षणाचा आधार मिळतो. त्यासाठी आपल्या पंचायत समितीत चौकशी करावी. म्हैसूर येथे १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने व दापोलीच्या कृषी विद्यापीठाने फळप्रक्रियेच्या क्षेत्रात दीर्घकाळ कार्य केले आहे. अशा तज्ज्ञांचे मार्गदर्शन घेतल्याखेरीज मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू करू नये.

हिशेबही आरंभापासून चोख ठेवावा. फळ परसातले म्हणून फुकट धरले तरी साखर, इंधन, बरणी व पाकीट यांचा खर्च असतो, आणि दहा दिवस पातेल्याशी उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या श्रमाचेही मोल असते. ते मोल किमतीत धरले नाही तर धंदा चालल्यासारखा दिसतो, पण घरात काही उरत नाही. उरलेला घट्ट पाक मात्र उकळून पुढील खेपेस, सरबतास किंवा खोबऱ्याच्या वड्यांस वापरता येतो. त्यामुळे साखरेचा खर्च बराच भरून निघतो.

या सर्व विवेचनाचा अर्थ सुटीच्या प्रत्येक दिवशी गृहिणीने चुलीशी जुंपून घ्यावे, असा नाही. रोजचे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते घरातील सर्वांनी वाटून घेण्यासारखे आहे. फोडी निथळणे, साखर मोजणे, बरणीवर तारीख लिहिणे, फोड तरंगते की बुडते याची नोंद ठेवणे, ही कामे मुले आनंदाने करतात आणि शाळेच्या पुस्तकातील परासरणाचा धडा त्यांना पातेल्यात दिसतो. पहिल्या खेपेस एकच किलो फोडी घ्याव्यात. पडलेल्या दोन पपया, एक किलो साखर आणि दहा दिवसांचा धीर एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. येत्या सुटीत पाहुण्यांपुढे ठेवलेल्या वाटीत आपल्याच झाडाचे फळ असेल आणि झाडाखालचा कुजणारा ढीग तेवढा कमी झालेला असेल.